पारमिताच्या नावावरचा दमा

प्रति,
मा. अध्यक्ष,
अपील वैद्यकीय मंडळ
(सैन्य अधिकारी प्रशिक्षण प्रवेश),
लष्करी रुग्णालय.

विषय : कु. पारमिता ज्योतिबा मधाळे हिच्या नावावर चढलेला दमा मूळ धारकांच्या नावे वर्ग करून तिची फेरतपासणी करण्याबाबत.

संदर्भ : तिचा अपिलाचा फॉर्म, ज्यातील 'कारण' हा रकाना तिने कोरा ठेवला आहे.

महोदय,

मी खाली सही करणार मालुबाई ज्योतिबा मधाळे, राहणार निपाणी, जिल्हा बेळगावी, धंदा शाळेचे गणवेश शिवणे, शिक्षण मुलीच्या पाठ्यपुस्तकांवरून दहावीपर्यंत (परीक्षा तिने दिली), तो कोरा रकाना भरण्यासाठी हा अर्ज सादर करते.

१. माझी मुलगी पारमिता लेखी परीक्षा आणि पाच दिवसांची मुलाखत पार करून वैद्यकीय तपासणीला आली. फॉर्मवर 'लहानपणी दमा होता' असे तिने आपणहून लिहिले. यंत्रात फुंकून दाखवले, त्यात काही निघाले नाही. तरी जुने कागद मागवले गेले आणि आमच्या पेठेतील धर्मादाय दवाखान्याने तिच्या कार्डाची प्रत दिली. त्या कार्डाप्रमाणे तिला अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत दमा होता, आणि शेवटच्या एका वर्षात तिने एकतीस पंप ओढले. सबब ती अपात्र. कार्ड वाचून मीही तिला अपात्रच केले असते.

२. खरा दमा तिला तिसऱ्या वर्षापासून सहाव्यापर्यंत होता. तेव्हा मी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसत असे. दिवसभराची धूळ पदरातून घरी यायची, आणि पोर मांडीवर आली की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. दवाखान्यातील डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण दुखणं तुमच्या पदरात आहे. दुसऱ्या दिवशी मी वखार सोडली. सहा महिन्यांत शिट्टी थांबली, ती आजपर्यंत वाजली नाही. एवढा दमा आमचा आहे. तो आम्ही नाकारत नाही.

३. माझी चाळण गल्लीतल्या अंबुबाईने घेतली. कुणीतरी घेणारच होते. दोन वर्षांत शिट्टी तिच्या छातीत गेली. दवाखान्यात फुकट पंप फक्त अठरा वर्षांखालील मुलांना मिळत असत, आणि अंबुबाईचे वय तेव्हा सत्तेचाळीस. इकडे पारमिताचे कार्ड बिनकामाचे खुंटीला लटकत होते. आमच्या गल्लीत शिडी एकाच घरी आहे, पुरणयंत्र एकाच घरी आहे, आणि ती सगळ्यांची आहेत. तसे कार्डही झाले. मागाहून वखारीचे राखणदार आण्णाप्पा हेही त्याच कार्डावर आले. हे नियमाबाहेर आहे हे मला ठाऊक होते. कार्डावर माझ्या पोरीचे नाव आहे, एवढेच ध्यानातून गेले.

४. पुरावा दुसरीकडे शोधण्याची गरज नाही. कार्डाप्रमाणे पारमिताचे वजन नवव्या वर्षी चौसष्ट किलो असून पुढच्याच महिन्यात ते सत्तेचाळीस आहे. अकराव्या वर्षी तिचे गुडघे धरत होते. बाराव्या वर्षी तिची उंची पाच फूट सात इंच होती, ती तेराव्या वर्षी चार फूट दहा झाली. चौदाव्या वर्षी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशनचा सल्ला. तोच डोळा लष्करी डॉक्टरांनी गेल्या महिन्यात निर्दोष ठरवला आहे. मोतीबिंदू आपोआप गेला असे धरायचे असेल, तर दमाही गेला असे धरावे, ही विनंती.

५. ते डॉक्टर आता हयात नाहीत. त्यांना आम्ही फसवले असे मला म्हणवत नाही. अंबुबाईच्या छातीला नळी लावून त्यांनी कार्डावरचे नाव वाचले, तिच्याकडे बघितले, पुन्हा नाव वाचले, आणि म्हणाले, "पारमिता, आधी मिश्री सोड." अंबुबाईने मान डोलावली. मिश्री सोडली नाही.

६. पोर तपासणीहून घरी आली तेव्हा मी विचारले, अगं, खरं का सांगितलं नाहीस. भाकरी मोडत ती म्हणाली, "तिथं अंबुआक्काचं नाव घेतलं असतं तर तिचा पंप बंद झाला असता. माझं काय, मला पळता येतंय." आणि जेवत राहिली. महोदय, आपल्या लोकांचे ओझे आपण उचलावे आणि बोलू नये, हे आपण प्रशिक्षणात शिकवत असाल. ती ते आधीच शिकून बसली आहे, आणि त्यापायीच बाहेर राहिली आहे.

७. ही गोष्ट मी अंबुबाईला सांगितली. चार घरांचे अंतर ती दोनदा बसून आली आणि उंबऱ्यावर टेकून म्हणाली, "लिही गं मालू. माझा दमा मला माघारी दे. पोरीला लई दिस वागवायला लावला." आण्णाप्पा यांनीही आपला दमा परत घेण्यास संमती दिली आहे. पाच फूट सात इंच उंची मात्र पोरीच्याच नावावर राहू द्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर मंडळाने योग्य तो निर्णय घ्यावा.

८. पारमिताला अठरा पूर्ण झाल्यावर तिचे कार्ड बंद झाले. सध्या पंप कोणाच्या कार्डावर येतो, हे कृपा करून विचारू नये. त्या बालिकेस ब्युटी पार्लर काढायचे आहे. या खेपेस आम्ही आधी विचारून घेतले.

९. तरी सहाव्या वर्षापुढचा सगळा दमा तिच्या नावावरून कमी करावा आणि वय उलटण्याआधी तिची फेरतपासणी व्हावी. कार्ड दुसऱ्यांना दिल्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला द्यावी. पंपाविषयी अंबुबाईला काही बोलू नये. कार्ड कन्नडमध्ये आहे, अर्ज मराठीत आहे, आणि माझा भाचा प्रशिक याने केलेले हिंदी भाषांतर जोडले आहे. भाषांतरात मी फार गरीब दिसते, म्हणून मूळ मराठी खरे धरावे.

१०. खात्रीसाठी अंबुबाई व आण्णाप्पा स्वतः तपासणीला हजर राहतील. अंबुबाईला जिना चढवत नाही, म्हणून तपासणी तळमजल्यावर ठेवल्यास बरे. ते जमत नसेल आणि लिफ्टही बंद असेल, तर पारमिता तिला पाठीवर घेऊन वर येईल. चौसष्ट किलो आता सत्तरच्या वर गेले आहेत. वर पोचताच, अंबुबाईला खाली उतरवण्याआधी, पारमिताचा श्वास मोजावा.

आपली नम्र, आणि या एका बाबतीत हट्टी,

मालुबाई ज्योतिबा मधाळे

निपाणी, दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) दवाखान्याच्या कार्डाची प्रत.
२) आण्णाप्पा यांचे सहीचे आणि अंबुबाईचे अंगठ्याचे संमतीपत्र.
३) अर्जाचे हिंदी भाषांतर.
४) अंबुबाईच्या छातीचा एक्स-रे, पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या नावाने काढलेला.