राणीच्या मनगटाचा दोरा

राजधानी गेग्यंगचा राजवाडा

आईला सोदनचा नमस्कार,

भातकापणीच्या सणाला मी घरी येत नाहीये. माझ्या वाटणीचे तांदळाचे उंडे ताईला दे.

झालं असं, की राजमातांनी हुकूम सोडला, "सुनेच्या माहेरची ती मुकी पोर परत पाठवा." मुकी म्हणजे मी; त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हे नाव. आमच्या पंधरा वर्षांच्या राणीसाहेबांनी लगेच आजारपणाचं सोंग घेतलं. आता राजवैद्य काही राणीच्या हाताला शिवत नाहीत. मनगटाला रेशमी दोरा बांधायचा आणि ते पडद्याबाहेर बसून त्या दोऱ्यावरच नाडी बघणार. राणीसाहेबांची नाडी तर रवंथ करणाऱ्या बैलासारखी संथ!

"सोदे, तुझा हात दे गं," त्या कुजबुजल्या.

"अहो, मान जाईल माझी!"

"मान नकोय मला. हात दे."

दोरा माझ्या मनगटाला बांधला. तेवढ्यात बाहेर राजमाता खाकरल्या आणि माझं काळीज असं उडालं, की दोरा थरथरायलाच लागला.

वैद्यबुवा म्हणाले, "हा धसका आहे. राणीसाहेबांपासून जिवाभावाचं कुणी तोडतंय का?"

राजमातांनी पडद्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "राहू दे ती मुकी."

आता रोज तीन वाट्या कडू काढा येतो. राणीसाहेब वाटी माझ्याकडे सरकवतात. "नाडी तुझी, काढाही तुझाच!"

इथे दारावरचे पहारेकरी पत्रं उघडून वाचतात, म्हणून हे पाठवणार नाही. नाहीतर तुला कळलं असतं, की वैद्यबुवांचं निदान खरंच होतं. घरी जावं लागणार, याचाच मला धसका होता.

रागावू नकोस.

तुझी,
सोदन