दारावरचं पिवळं फडकं

१६ नोव्हेंबर, रविवार

चि. सौ. सुमिरे हिस,
आईचे आशीर्वाद.

इकडे सकाळचं पाणी बोटांना चावायला लागलं आहे. परसातली युझूची आंबट लिंबं पिकली, दहा-बारा खोक्यात घालून पाठवते. जावईबापूंचा खोकला दरवर्षी याच सुमारास सुरू होतो, त्यांना साल मधात मुरवून दे. तू जेवणाच्या वेळा पाळतेस ना?

ओबोनला, पितरांच्या सणाला आलीस आणि रागावून दुपारच्याच गाडीने नागोयाला परत गेलीस, त्याबद्दल आज मी काही लिहिणार नाही. पण दारात बूट घालताना तू विचारलंस, "आई, वीज गेली, जमीन हलली, समुद्र आत आला, तर नाकात नळी घेऊन तू एकटी काय करणार आहेस, सांग ना!" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी तुझ्या हातातलं त्या वृद्धनिवासाचं माहितीपत्रक फेकलं. आता तीन महिने मी त्या उत्तराच्याच मागे लागले आहे. माझं उत्तर तुला पटलं तर मी या घरात राहीन. नाही पटलं तर तू म्हणशील तिथे येईन. हा शब्द समज.

तर ऐक. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं चारशे पोरांचं सूप मी अंदाजाने कधी केलं नाही, मोजूनच केलं. मग माझीच हवा अंदाजाने का घ्यायची?

पहिलं म्हणजे ऑक्सिजनचं यंत्र. त्याला मी 'जावई' नाव ठेवलं आहे. कोपऱ्यात बसून घुरघुरतं, वीज खातं, आणि ऊठ म्हणायची सोय नाही. (हे घरात वाचून दाखवू नकोस.) वीज गेली की हा जावई रुसतो, आणि मग ऑक्सिजनची बाटली काढायची. कंपनीच्या कागदावर बाटलीचे तास लिहिलेले आहेत, पण ते कुठल्या तरी सरासरी माणसाचे. माझे किती, हे मला पाहायचं होतं. एक दिवस घड्याळ समोर ठेवून गप्प बसून राहिले. सात तास दहा मिनिटं. मग दुसरी बाटली लावून तोशिएबाईंना फोन केला आणि त्यांच्या सुनेच्या तक्रारी सगळ्या ऐकल्या, माझ्याही दोन-चार सांगितल्या. साडेपाच तास! म्हणजे बडबडीची किंमत जवळजवळ पावणेदोन तास. तुझे बाबा हे चाळीस वर्षं सांगत होते, त्यांच्याकडे पुरावा नव्हता एवढंच.

बाबांच्या फोटोपुढे आता खरी उदबत्ती लावत नाही. ऑक्सिजनजवळ ठिणगी नको. बॅटरीवरची मिळते, टोक लाल दिसतं, वास मुळीच नाही. बाबांना फसवल्यासारखं वाटतं, पण ते समजून घेतील.

औषधं दहा दिवसांची, निळ्या पिशवीत, दाराच्या खिळ्याला. भात, डबाबंद मासे, पाणी हे सगळं खालच्या फळीवर, कारण वरच्या फळीपर्यंत हात नेला की धाप लागते. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही, मीच शोधून काढलं.

आता अवघड गणित. मोठा भूकंप झाला तर नगरपालिकेच्या नकाशाप्रमाणे आमच्या आळीत समुद्र बावीस मिनिटांत येईल. बंदरामागे उंच मनोरा बांधला आहे, सगळ्यांनी त्यावर चढायचं. मी बाटली पाठीला लावून, थांबत थांबत, घड्याळ लावून गेले. एकतीस मिनिटं लागली. नऊ मिनिटं कमी पडली. पाच वेळा गेले, कधी सकाळी, कधी जेवण न करता, कधी बाटली पाठीऐवजी चाकाच्या पिशवीत घालून. नऊची आठ झाली, सात काही होईना.

मग ओकाबायाशीसान धावून आले. आपल्या आळीचे प्रमुख, शेतावर कोबी वाहायची हातगाडी घेऊन. मी म्हटलं, "अहो, गुडघे तुमचे दुखरे, गाडी कोबीची, आणि मी पोतं. लोक हसतील." तर म्हणाले, "पोतं गप्प बसतं, फुसाएसान. तुम्ही पण बसा." आम्ही चौदा मिनिटांत मनोऱ्याखाली पोचलो. वर चढवायला कोळणींपैकी दोघीजणी आहेत, दंड माझ्या मांडीएवढे. त्या मला खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलतात. तेव्हा गणित सुटलं, असं मला वाटतं.

सप्टेंबरच्या वादळात वीज गेली होती हे तुला फोनवर सांगितलंच आहे. नेहमीसारखं दाराला पिवळं फडकं लावलं. म्हणजे, 'या घरात सगळे सुखरूप, थांबू नका, पुढच्या घराकडे जा.' अकरा वर्षं भूकंपाच्या कवायतीत माझं फडकं आळीत पहिलं लागतं, याही वेळी लागलं. त्रास काही झाला नाही. चार दिवस फोन लागला नाही तो तार तुटल्यामुळे.

आता हात दुखला. बाकीचं उद्या.

१७ नोव्हेंबर

सुमिरे, काल शेवटी वादळाचं जे लिहिलं ते खोटं आहे. पान फाडायला घेतलं होतं. मग वाटलं, राहू दे, आई कशी लिहिते ते तुला दिसू दे.

फडकं पहाटे सहाला लावलं, हे खरं. वीज गेल्याबरोबर, वारा पुरता थांबायच्या आत. ओकाबायाशीसान घरोघर बघत निघतात, पावसात त्यांना माझ्यासाठी थांबावं लागू नये म्हणून. बाटली लावून गप्प बसले. पण बाटली एकच होती. दोन मी प्रयोगात संपवल्या होत्या, आणि दोन बाटल्यांसाठी कादोतासानना एवढ्या लांबून हेलपाटा कशाला, म्हणून मागवल्या नव्हत्या. कादोतासान म्हणजे कंपनीचा बाटल्या पोचवणारा माणूस.

दुपारी एकला बाटलीवरचा काटा तळाला गेला. ओकाबायाशीसानची दुसरी फेरी त्यानंतर झाली. त्यांची काठी मला ऐकू आली. दारासमोर थांबली. बरोबरच्या कुणाला तरी ते म्हणाले, "हे बघा, फुसाएसानचं फडकं. या बाईंची कधी काळजी नसते." आणि काठी पुढे गेली.

हॉस्पिटलात मी सगळ्यांना सांगितलं, की हाक मारायची होती, आवाजच फुटला नाही.

आवाज होता, सुमिरे. एक हाक मारण्याइतका नक्की होता. मी तोंड उघडलंसुद्धा. पण मनात आलं, फडकं लावून मग हाक मारायची म्हणजे काय तोंड दाखवायचं? आणि हाक मारली की तुला कळणार, तुला कळलं की हे घर गेलं. एवढा विचार करायला मला सवड होती. तेवढ्यात काठी कोपऱ्यावरून वळली. मग खरंच आवाज उरला नाही.

तीनच्या सुमाराला कादोतासान आले, चिखलातून चालत, खांद्यावर दोन बाटल्या. मी जमिनीवर होते, ओठ काळेनिळे पडलेले, आणि म्हणे मी त्यांनाच रागावले, "दारावर फडकं आहे, दिसत नाही का?" ते नळी लावता लावता म्हणाले, "फडकं आळीसाठी, बाई. माझ्याकडे यादी आहे. यादीत तुम्ही आहात." चार दिवस मी हॉस्पिटलात होते. तार बिर काही तुटली नव्हती.

हे मी तुला कधीच सांगितलं नसतं. पण ओकाबायाशीसान हॉस्पिटलात आले. शहात्तर वर्षांचा माणूस, ते गुडघे घेऊन खाली बसला आणि जमिनीला डोकं टेकून म्हणाला, "दोनदा दारावरून गेलो. माफ करा. थांबायला हवं होतं." मी पडल्या पडल्या म्हणाले, "असू द्या, असू द्या." म्हणजे माझ्या खोटेपणाबद्दल माफी मी त्यांना मागायला लावली, आणि वर मोठेपणाने ती दिलीसुद्धा. हातगाडी त्यांनी त्यानंतर आणली. तिच्यात बसल्यावर मला समोर त्यांची पाठ दिसते आणि मला लाज वाटते. काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझ्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाले, "माझी बायकोही दुखणं लपवायची. पुढच्या वेळी शिव्या द्या, पण हाक मारा." ती गेल्यापासून सहा वर्षांत त्यांच्या तोंडून बायकोचा विषय मी ऐकला नव्हता.

म्हणजे माझं गणित सुटलेलं नाही. गाडी आहे, बाटल्या आता तीन आहेत, निळी पिशवी आहे. एकच गोष्ट मोजता येत नाही: वेळ आली की मी दार उघडं ठेवीन का? मला स्वतःलाच हे बघायचं आहे. सात डिसेंबरला आळीची कवायत आहे. त्या दिवशी मी फडकं लावणार नाही. लोक आत येतील, माझं अंथरूण बघतील, मला उचलतील. याची मला जेवढी भीती वाटते तेवढी समुद्राची वाटत नाही.

तू येशील? मदत करू नकोस. रस्त्याच्या कडेला घड्याळ घेऊन उभी राहा आणि बघ. बघून "नाही आई, चल" म्हणालीस तर मी वाद घालणार नाही. बाबांचा फोटो आणि माझी स्वयंपाकाची सुरी घेईन, बाकी तू आवर.

आणि एक. फोनवर मला "बरी आहेस ना?" असं विचारू नकोस. त्याला माझं तोंड माझ्या आधी "हो" म्हणतं. डॉक्टरांनी बोटाला लावायचा एक चिमटा दिला आहे, त्यात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो, नव्वदच्या वर असावा लागतो. तू आकडा विचार. आकडा मी खोटा सांगणार नाही.

हे पत्र लिहून झाल्यावर आत्ता लावून बघितला.

सत्त्याऐंशी.

तुझी,
आई