भाताचा दुसरा गोळा

आई, गेल्या महिन्यात तुझ्या लेकाच्या घशात घोळ माशाचा काटा अडकला. डोक्याचं कालवण खात होता. आणि वहिनीने काय करावं? कोरड्या भाताचा गोळा वळून गिळायला दिला. आपल्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात काटा अडकला की कुणाला दुसरं काही सुचतच नाही. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. प्रत्येक हळदीत मी घसा फोडून सांगते, गोळ्याने काटा आणखी रुततो, अन्ननलिका फाटते. बायका माना डोलावतात आणि घरी जाऊन गोळेच वळतात. वैताग आलाय मला.

त्याने निदान तासाभरात फोन केला. "ताई, थुंकी गिळायला पन दुखतंय." तशीच त्याला अंधेरीच्या हॉस्पिटलात नेलं. अन्ननलिकेला बारीक भोक पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून काटा काढला आणि भोक झाकायला आतून जाळीची नळी बसवली. छातीला सुरी लागली नाही. परवा ती नळीही काढली. आता गडी चहा पितोय.

मला आनंद व्हायला हवा होता, पण मी बाकावर बसून धुमसत होते. तुझ्या घशात काटा रुतला तेव्हा तुझी छाती बरगड्यांमधून उघडली होती. भोक शिवलं, पोटाला नळी लावून पातळ अन्न घातलं, आणि सतराव्या दिवशी तू गेलीस. त्या सर्जनला मी बारा वर्षं कसाई म्हणत आले, चारचौघांत.

म्हणून परवा बाईंना विचारलं, ही नळी तेव्हा आईला घातली असती तर?

"त्यांना कधी आणलं होतं?"

"तिसऱ्या दिवशी. छातीत पू झाला होता."

"मग नुसत्या नळीवर आजही बहुतेक भागलं नसतं. छाती उघडून धुवावीच लागली असती. त्या सर्जनने बरोबर केलं, ताई. उशीर झाला होता."

उशीर. पहिला गोळा तू स्वतःच वळलास, ते खरं. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन बाजारातही बसलीस, एक हात गळ्याशी धरून. पण दुपारी परत आलीस, आणि ओट्याला टेकून म्हणतेस, "मना डॉक्टरकडं ने गो." मी दुपारच्या पाळीला ऑफिसला निघालेय, पर्स खांद्याला आहे. तुझं रोजचंच काहीतरी, असं मी तोंडावर म्हणाले. भांड्यातला भात घेतला, घट्ट गोळा वळला आणि तुझ्या तोंडात घातला. "हा खाऊन बघ, जाईल." डोळे मिटून गिळलास. शिकलेली लेक सांगत होती ना.

ऑपरेशनच्या आधी सर्जनने विचारलं होतं, काटा अडकल्यावर काही खायला दिलं का? तुला बोलवत नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, नाही, काहीच नाही.

हा कागद तुझ्या साडीच्या घडीत ठेवेन, भावाला दाखवणार नाही. काल त्याच्यासमोर वहिनीला परत झापलं, गोळा दिलासच कसा म्हणून. ती रडत होती, तरी मी थांबले नाही.