चोवीस व्होल्टचं घराणं

१४ सप्टेंबर, रविवार
मंडळाची मीटिंग. महिपतराव अध्यक्ष झाल्यापासून स्वतःला सरसेनापती समजतात. म्हणाले, गेल्या दसऱ्याला आरती कुणाला ऐकूच आली नाही, यंदा ज्याच्या गाडीवर लाउडस्पीकर नीट वाजेल तीच मिरवणुकीत पुढे. हे सगळं माझ्याकडे बघून. बत्तीस वर्षं आमची जीप पुढे आहे! आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फौजेच्या लिलावात घेतलेली. चुलतभाऊ संग्रामसिंह लगेच म्हणाला, माझा ट्रक आहे की. वाळू वाहणारा ट्रक, देवीपुढे! मी भर सभेत सांगून टाकलं, जीप पुढे नसेल तर हा विक्रमसिंह शमीपूजनापर्यंत येणार नाही. महिपतरावांनी लगेच चहा मागवला. घाबरले.

१६ सप्टेंबर
ॲम्प्लिफायर आणि भोंगा आणला. दुकानदार विचारतो, गाडी बारा व्होल्टची ना? मी नुसता हसलो. अरे मूर्खा, फौजी गाडी चोवीसची असते. बाराच्या गाड्या सिव्हिल लोकांच्या. सामान बाराचं आहे खरं, पण करंट शेवटी करंटच.
ट्रायल म्हणून आधी आमच्या कन्येचा, स्मृतीचा, छोटा पंखा थेट जोडला. तोही बाराचा. फिरला. फारच फिरला. मग धूर. हल्ली मालच हलका येतो.

१७ सप्टेंबर, रात्री जेवणानंतर
स्मृती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणते, बाबा, चोवीसचं बारा करणारा कन्व्हर्टर लागतो. स्वतःच्या पैशाने मागवून ठेवलेला. साबणाच्या वडीएवढी ॲल्युमिनियमची डबी! आबांच्या जीपला डबी? मार्कर घेतला, तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘भंगार’ लिहिलं आणि सांगितलं, ज्याला हवी त्याला दे, माझ्या डोळ्यांसमोर नको. ती म्हणाली, ठीक आहे. पोरीला चार बुकं आली की बाप अडाणी.

१९ सप्टेंबर
सापडलं! जीपला दोन बॅटऱ्या, एकीला एक जोडलेल्या. बारा अधिक बारा चोवीस. मग एकीलाच वायर लावा, झाले बारा! लावली. भोंगा असा वाजला की समोरच्या शांताताईंच्या हातून डबा पडला. डबी म्हणे.
खासगी बाजारातल्या हेमेंद्र इलेक्ट्रिशियनला दाखवायला मुद्दाम जीप नेली. तो म्हणाला, भैयाजी, ऐसा मत करो, एकीतूनच खाल्लं तर ती उपाशी मरेल आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळेल, फिर मेरे पास मत आना. मी म्हटलं, नहीं आऊँगा. जळतात लोक.

२४ सप्टेंबर
जीपला सडक्या अंड्यांचा वास. सुलोचना म्हणते, नवरात्रात हे काय? मी म्हटलं, शेजाऱ्यांना विचार. ती नाकाला पदर लावून आत गेली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एकदा विश्वास ठेवला नाही बाईने.
वायर लावलेली बॅटरी सुस्त. दुसरी तापलेली, पाणी उकळतंय. दोघींच्या जागा बदलल्या. आता समान न्याय.

२८ सप्टेंबर
आता दोघीही आजारी. सेल्फ तिसऱ्या झटक्याला लागला, पण लागला. संकल्प: आजपासून सराव रोज फक्त दहा मिनिटं.
सायंकाळी अडीच तास वाजवला. संग्राम आमच्या गल्लीतून, दाना ओलीतून, तीनदा गेला, मी काय करणार?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
शस्त्रपूजा यथासांग. आबांची तलवार. शेजारी पाने, पेचकस, मल्टिमीटर. मीच सुलोचनेला म्हटलं, बॅटरी चार्जरही ठेव, आजच्या काळात तेही शस्त्रच. त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. छान दिसत होता.
आपल्याकडे पुजलेली हत्यारं सीमोल्लंघनापर्यंत उचलायची नाहीत. बॅटऱ्या चार्ज करायच्या राहिल्या हे नंतर आठवलं. असू दे. जीपला स्वाभिमान आहे, ऐन वेळी उठेल.

२ ऑक्टोबर, दसरा, दुपारी ३
टक्. नुसतं टक्. सुलोचनेकडे चार्जर मागितला. नाही म्हणाली! मागे एकदा संग्रामने या दिवशी पाना उचलला, तेव्हा तूच त्याला कुलबुडव्या म्हणाला होतास, असं ऐकवलं. वीस वर्षांपूर्वीचं! बाईची मेमरी आहे का हार्ड डिस्क?
हेमेंद्र मिरवणुकीला आला होता, नवा कुर्ता, हात खिशात. म्हणाला, भैयाजी, माझेही पाने पूजेत आहेत. मंडळाच्या पोरांनी धक्का मारला. कोपऱ्यापर्यंत धक्का, कोपऱ्यापर्यंत हशा. मेले सगळे.

त्याच दिवशी, रात्री ९
लिहिणार नव्हतो.
संग्रामने ट्रक मागे घेतला आणि जीपला दोर बांधायला लागला. मी म्हटलं, सोड, जीव गेला तरी येणार नाही. तो म्हणाला, दादा, तू नको येऊस, पण काकांची जीप बत्तीस वर्षांत एकदाही चुकली नाही. आबांचं नाव काढलं हलकटाने. बसलो स्टिअरिंगवर.
ट्रकही चोवीसचाच. पण भोंगा खणखणीत वाजत होता. जीपमध्ये बसण्याआधी ट्रकच्या केबिनवरून गेलो होतो, दार उघडं होतं म्हणून दिसलं. डॅशबोर्डखाली दोन स्क्रूंनी बसवलेली ॲल्युमिनियमची डबी. वर ‘भंगार’. अक्षर माझं.
माइक स्मृतीच्या हातात. दोर ताणला, जीप हलली, तशी ती बोलली: मागे आबांची जीप आहे, तिच्यात माझे बाबा आहेत, दोराच्या मध्ये कुणी येऊ नका, सांभाळून.
एक अक्षर फाटलं नाही. पार दाल बाजारापर्यंत गेलं असेल.