लाल गाडी ढकलतच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक साहेब,
वाहतूक शाखा, डोंबिवली (पूर्व).

अर्जदार : महेंद्र सखाराम रणपिसे, सेवानिवृत्त मुख्य लिपिक,
रा. मैत्री सोसायटी, पहिला मजला, म्हात्रेवाडी गल्ली क्र. ३, डोंबिवली (पूर्व).

विषय : सम-विषम तारखेच्या पार्किंगमधून अर्जदाराच्या गाडीस दिलेली सूट रद्द होऊन मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचाच अर्ज, दि. २ सप्टेंबर २०२५.
२) आपले मंजुरीपत्र, दि. ९ सप्टेंबर २०२५.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, मागितलेली सूट मिळाल्यावर ती परत घ्या म्हणून अर्ज करणारा इसम आपल्या टेबलापुढे यापूर्वी आला नसेल. अर्जदाराने ठाण्यातील एका सरकारी कार्यालयात उभा जन्म दुसऱ्यांचे अर्ज नोंदवून घेण्यात घालवला. त्यालाही असा नमुना भेटला नाही. तरी हा अर्ज वेड्याचा समजून बाजूस सारू नये व शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

१. सदर गाडी लाल रंगाची, दोन दारांची, जपानी बनावटीची व वयाने वीस वर्षांहून मोठी आहे. तिच्या इंजिनात पिस्टन नाहीत. त्याऐवजी समोशाच्या आकाराचे दोन लोखंडी तुकडे आत गरागरा फिरतात. अर्जदार नोकरीत असताना अशाच एका गाडीचा कागद त्याच्या टेबलावर आला होता. 'सिलिंडर किती' या रकान्यात काय लिहावे हे कोणालाच ठरवता येईना आणि ती फाईल सगळ्या कार्यालयात फिरून पुन्हा अर्जदाराकडेच आली. तेव्हापासून ही गाडी एकदा आपल्या दारात असावी असे त्याच्या मनाने घेतले होते. पत्नी सरोज म्हणत असे, "रिटायर झालात की घ्या खुशाल, पण पुढच्या सीटवर मी बसणार." ती तीन वर्षांपूर्वी वारली. यंदा मे महिन्यात कोलशेतचे श्री. आनंद टिपणीस यांनी आपली गाडी विकायला काढली, ती अर्जदाराने घेतली. मेलबर्नला असणारी कन्या रचना हिने फोनवर "बाबा, हा म्हातारचळ आहे," असा शेरा मारला. शेऱ्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

२. गाडी कोलशेतहून डोंबिवलीस आली ती शिवणयंत्रासारखी, एका सुरात. आपल्या फलकानुसार म्हात्रेवाडीत सम तारखेस गल्लीच्या डाव्या व विषम तारखेस उजव्या बाजूस गाडी लावावयाची असते. हा नियम मनापासून पाळणाऱ्यांत अर्जदाराचा नंबर पहिला लागेल. त्याने सकाळी गाडी चालू केली, गल्ली ओलांडून पलीकडे नेली व बंद केली. दुसऱ्या दिवशी चालू केली, अलीकडे आणली व बंद केली. तिसऱ्या दिवशी गाडीने मान टाकली.

३. मग मोहन्याचे मेकॅनिक पोपट यांस पाचारण केले. त्यांनी बॉनेट उघडले. "काका, पिस्टनच नाय ह्याच्यात. मी हात कुठं घालू?" असे ते म्हणाले, तरीही हात घातलाच. बॅटरी मोठी बसवली, स्टार्टर जोरकस बसवला, कॉइली बदलल्या, प्लग बदलले. गाडी तेल पिते म्हणून दोन रविवार जमिनीवर पालथे पडून गळती शोधली. शेवटी कळले की ही जात तेल पितेच, तो तिचा रोजचा आहार आहे. एवढे करून ती एखाद्या सकाळी चालू होई. अर्जदार तत्परतेने तिला नियमाच्या बाजूस नेऊन बंद करी आणि ती पुन्हा रुसून बसे.

४. आता मुख्य मुद्दा. गाडी चालू होत नाही आणि तारीख तर रोज बदलते. पहिल्या दिवशी अर्जदार एकटाच मागून रेटा देत असता कोपऱ्यावर फुलपुड्या बांधणाऱ्या कांताबाई उठून आल्या. त्यांनी फुलांची पाटी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली आणि पदर खोचला. त्यांचे पाहून रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिका विनिता थांबल्या. दुसऱ्या दिवसापासून व्यायामशाळेत शिकवणारे सर्वेश येऊ लागले. चौघे मिळून गाडी ढकलत. म्हणजे तिघे ढकलत व अर्जदार आत बसून चाक वळवी, कारण त्याच्या कमरेबाबत विनिताबाईंनी सक्त ताकीद दिली होती.

हा रिवाजच पडला. कांताबाई खालून हाक मारत, "काका, उठा, आज नवरी कुठल्या अंगाला न्यायची?" सर्वेश म्हणत, "काका, माझा लेग डे तुमच्याच गाडीवर होतो." काम पाच मिनिटांचे, पण त्यानंतर चहा होई आणि चहाला अर्धा-पाऊण तास सहज लागे. कांताबाईंच्या सुनेचे बाळंतपण, विनिताबाईंची बदली, सर्वेशचे मोडलेले लग्न, सर्व विषय त्या बॉनेटवर कप ठेवून निकाली निघाले. मागून धरायला जागा नाही म्हणून पोपट यांनी डिकीखाली नळाच्या पाइपाची दांडी वेल्ड करून दिली, हातगाडीला असते तशी. वाहनाच्या मूळ रचनेत हा बदल नियमबाह्य असल्यास होईल ती कारवाई अर्जदारास मान्य आहे. दांडी मात्र काढू नये.

साहेब, सरोज गेल्यापासून अर्जदाराला घर खायला उठत असे. दुपार होईपर्यंत त्याचा आवाज त्याच्याच कानी पडत नसे. गाडी बंद पडली आणि सकाळी सकाळी कोणीतरी त्याच्या नावाने हाका मारू लागले. सगळे आयुष्य सरकारी नोकरीत गेले, पण अर्जदाराची एवढी वाट कधी कोणी पाहिली नव्हती.

५. यावर स्वस्थ बसावे की नाही? परंतु अर्जदाराची जात कारकुनाची. तिघांना रोज तसदी देणे त्याच्या मनाला लागले आणि त्याने सूट मिळण्याचा अर्ज केला. तो त्याने इतका मुद्देसूद लिहिला की आपण तो आठवड्यात मंजूर केलात. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्याच आठवड्यात श्री. टिपणीस यांचा सहज फोन आला. सर्व हकीकत ऐकून ते हसले. म्हणाले, "अहो रणपिसे, थंड असताना चालू करून लगेच बंद करायची नसते ती. आत पेट्रोल साचतं. चालू केलीत की चांगली गरम होऊ द्या, फिरवून आणा, एवढंच." म्हणजे गाडीत दोष नव्हता. अर्जदार रोज इमानाने नियम पाळत होता, तोच तिला बाधत होता. श्री. टिपणीस यांनी सांगितल्याप्रमाणे अर्जदाराने इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला, प्लग काढून स्टार्टर फिरवला, आतले पेट्रोल बाहेर फेकले, प्लग पुसून लावले व फ्यूज परत बसवला. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि गाडी गायला लागली.

गल्लीला कोण आनंद झाला! कांताबाईंनी बॉनेटला हार घातला. काचेवर आपले मंजुरीपत्र पाहून विनिताबाई म्हणाल्या, "बरं झालं काका, सुटलात एकदाचे." तिघेही मनापासून बोलले. दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही. यायचे कारणच उरले नव्हते.

६. आज गाडी ठणठणीत आहे. अर्जदार तिला गरम करून गांधारी पुलापर्यंत नेतो, खाडीचे पाणी पाहतो व परत आणतो. पुढच्या सीटवर कोणी नसते. फिरायला येता का, असे सर्वेशना विचारले असता ते म्हणाले, "नेक्स्ट संडे नक्की, काका." त्यांचा दोष नाही, ज्याला त्याला आपापली कामे आहेत. अर्जदार सकाळच्या वेळेस उगाच खाली जाऊन उभा राहतो, येणारे-जाणारे "काय काका, फिरायला का?" म्हणून पुढे जातात. दिवाळीत कांताबाईंकडून फराळाचे ताट आले, पण ते दारातूनच. मागच्या दांडीवर हल्ली कोणीतरी गाडी पुसायचे फडके वाळत घालते. अर्जदाराने ते काढले नाही.

७. सबब विनंती की,

(अ) संदर्भ क्र. २ ची सूट रद्द करून सदर गाडी रोज बाजू बदलेल असा लेखी आदेश व्हावा. सोबत एखादा हवालदार पाठवून सर्वांदेखत अर्जदारास दरडावल्यास अधिक बरे.

(आ) ३१ तारीख विषम आणि लगेच येणारी १ तारीखही विषम, त्यामुळे त्या सकाळी गाडी हलवावी लागत नाही व कोणीही येत नाही. ही उणीव वर्षातून सात वेळा येते, लीप वर्षात फेब्रुवारी धरून आठ वेळा. केवळ म्हात्रेवाडी गल्ली क्र. ३ पुरती ती दूर करण्यात यावी.

(इ) चालू गाडी बंद आहे असे शेजाऱ्यांना सांगणे अर्जदारास जमणार नाही. तो आजवर खोटे बोललेला नाही व या वयात शिकणे कठीण. म्हणून गाडी खरोखरीच बंद असणे आवश्यक आहे. त्यासाठी गाडीच्या त्याच पंपाचा फ्यूज या अर्जासोबत आपल्या कार्यालयात जमा करीत आहे. कोणी विचारल्यास, फ्यूज सरकारजमा आहे, असे अर्जदार सांगेल. असे म्हटले की आपल्याकडे पुढे कोणी विचारत नाही.

(ई) एखाद्या दुपारी मोह होऊन अर्जदार स्वतः फ्यूज मागण्यास आल्यास त्यास तो देऊ नये. गांधारी पूल त्याने पाहिला आहे.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत, गल्लीच्या पलीकडच्या बाजूस जाण्यास सदैव तयार,

(सही)
महेंद्र सखाराम रणपिसे

डोंबिवली, दि. ३१ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) मंजुरीपत्र, मूळ प्रत. काचेवरून काढताना एक कोपरा फाटला आहे, क्षमस्व.
२) फ्यूज, एक नग.

ता. क. उद्याही विषम तारीख आहे. शक्य असल्यास आदेश आजच व्हावा.