सात शनिवार जिवंत ठेवलेली मुलगी

प्रिय वन्सं,

काल सांगलीहून कुसुमचा फोन आला, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तुमच्या धाकट्या बहिणीने मला काय ऐकवावं? "ताई अमेरिकेत रमली. भेटून जा म्हणून किती विनवलं, आली नाही." आणि मी, जिच्या जिभेला इथलं सगळं नेपरव्हिल गाव वचकून असतं, ती नुसतं 'हं' म्हणाले! हा ठपका तुमच्यावर माझ्यामुळे आला, वन्सं. म्हणून हे पत्र, वर्षभर उशिरा.

आठवतं ना, हे कशापासून सुरू झालं? जुन्या इंग्रजी कादंबऱ्या राणीच्या काळात दर आठवड्याला तुकड्यातुकड्याने निघायच्या. तशाच त्या छापून घरोघरी पाठवायचा घाट एका विद्यापीठाने घातला होता. मी नाव नोंदवलं. गुरुवारी टपालात पातळसा अंक यायचा आणि शनिवारी दुपारी मी तुम्हांला तिकडे तुमच्या ट्रॉय गावी फोन लावून तो वाचायचे, मराठीत सांगायचे. "तुझं ते कॉन्व्हेंटचं इंग्रजी एकदाचं कुणाच्या तरी उपयोगी पडू दे," म्हणालात. टोमण्याशिवाय तुमचा एक तरी शनिवार सुरू झाला का?

अंकाच्या पाठीवरच्या त्या काळच्या जाहिरातीसुद्धा तुम्ही सोडू द्यायचा नाहीत. "सगळ्या रोगांवर एकच गोळी? माझ्या डॉक्टरला कळव गं!" आणि ऐन रंगात भाग संपला की चिडायचात. "मेल्याने इथेच थांबवलं? आता आठवडाभर मी काय करू?" तुमचा सुहास लायब्ररीतून सबंध पुस्तक आणून देतो म्हणाला, तर त्याला हाकलून दिलंत. "त्या लोकांनी वाट बघितली, आम्हीही बघू."

मला मात्र त्या वाट बघण्याची धास्ती वाटायची. कादंबरीतली ती शिवणकाम करणारी मुलगी दर अंकात जास्त खोकत होती, आणि इकडे तुमची केमो चालू होती. गुरुवारी पाकीट फोडलं की मी आधी शेवटचं पान बघायचे.

ऑक्टोबरात एका गुरुवारी ती मेली.

त्याच संध्याकाळी सुहासचा फोन. "मामी, रिपोर्ट वाईट आहेत. आईला सांगू नका, प्लीज. ती खचेल." त्याला तिथल्या तिथे झापायला हवं होतं! नाही झापलं.

शनिवारी तुम्ही फोन उचलताच विचारलंत, "काय गं, वाचली का?"

मृत्यू समोर छापलेला, आणि मी म्हटलं, "वाचली. ताप उतरला. पेज मागितली."

"पेज? लंडनमध्ये?"

"सूप हो! तेच ते."

किती हसलात! मग एकदम म्हणालात, "मालती, तू तोंडाची फटकळ, पण खोटं बोलत नाहीस. सुहास म्हणतो माझे रिपोर्ट चांगले आहेत. खरं ना?"

"हो, वन्सं."

"मग डिसेंबरचं तिकीट कॅन्सल करते. कुसुमपुढे हे टक्कल घेऊन कशाला जाऊ? केस येऊ देत, चार घास जाऊ देत. मार्चमध्ये जाईन."

तेव्हा तरी बोलायचं! शाळेत सिस्टर नको ती पानं गोंदाने चिकटवून ठेवायच्या, तर मी किती जळफळायचे. वेगळं काय केलं मी?

सात शनिवार मी त्या मेलेल्या मुलीला जिवंत ठेवलं. हवापालटाला समुद्रकाठी नेलं, नोकरी दिली, लग्न जमवलं. प्रत्येक वेळी भीती, की तुम्ही धागा पकडाल. "अगं, तिचा भाऊ गेल्या खेपेला तुरुंगात होता ना? लग्नाला कसा आला?" "सुटला," म्हणायचे मी, आणि घाईघाईने पुढचा प्रसंग रचायचे.

आठव्या शनिवारी तुम्ही म्हणालात, "आज पुढचं नको. पहिला अंकच पुन्हा वाच." का म्हणालात असं? कळलं होतं? की नुसत्या थकला होतात? मी विचारलं नाही, वाचत राहिले. जानेवारीत तुम्ही गेलात.

आणि कळलं असेल, तर माझा तुमच्यावरही राग आहे! चाळीस वर्षं आमटीत मीठ कमी पडलेलं तुम्हांला खपलं नाही, आणि हे खपवून घेतलंत?

सुहासचं नाव पुढे करून मला सुटता येईल. पण त्याच्यावर तुमचा भरवसा नव्हताच. म्हणून तर मला विचारलंत.

उद्या सकाळी आठला, सांगलीत संध्याकाळ असेल तेव्हा, मी कुसुमला फोन करणार आहे. ताई रमली नव्हती, तिकीट काढून बसली होती, माझ्या शब्दावर विसंबून थांबली, हे सांगणार आहे. कुसुम मला वाट्टेल ते बोलेल. ती फोन आपटेल. आपटला तर पुन्हा लावीन. तिने उचलेपर्यंत लावत राहीन, वन्सं, पण तुमच्यावरचा हा बोल मी तसाच राहू देणार नाही.

तुमची भावजय,
मालती