डावं मडगार्ड

मोदेना, शुक्रवार

प्रिय एर्मेस,

फोन केला असता, पण फोनवर तू 'हो, हो, इल्दे' म्हणत दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असतोस. शिवाय मी ओरडले असते आणि 'झालं हिचं सुरू' म्हणून तू मोकळा झाला असतास. कागदावर माझा आवाज चढत नाही, म्हणून लिहितेय. टपालाचा भरवसा नाही, तेव्हा उद्या बाजारात जाताना मीच हे तुझ्या पेटीत टाकीन. रविवारपर्यंत वाच. सोमवारी तुझी माणसं त्या निळ्या गाडीचं पुढचं डावं मडगार्ड कापून भंगारात टाकणार आहेत, आणि त्याआधी हे तुला कळायला हवं.

बुधवारी ती मांतोव्याची गुरांची डॉक्टर, ओर्नेल्ला, माझ्याकडे आली होती. तूच पाठवलीस. 'बहिणीकडे बुटांच्या खोक्यात बाबांच्या वर्कशॉपचे जुने फोटो आहेत, गाडीच्या कागदपत्रांना लागतील' असं सांगून. बाई थेट गोठ्यातून आली होती, दाराबाहेरच बूट काढले आणि मोज्यांवर स्वयंपाकघरात येऊन बसली. मला आवडली. फोटो पाहून झाले, तशी तिने पिशवीतून तुझं अंदाजपत्रक काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, "तुम्ही त्या घरातल्या, तुम्हाला कळेल. वडील गेले, गाडी मागे राहिली. आई म्हणते विकून टाक, बोलोन्याचा एक जण आहे तशी न्यायला तयार आहे. मला ती पुन्हा चालताना बघायचीय. पण एवढ्या पैशात माझा नवा दवाखाना उभा राहतो हो. यातलं काय गाळू, तेवढं सांगा."

वाचलं मी, चष्मा लावून, ओळ न ओळ. इंजिनाचं ठीक आहे, तिथे तू लबाडी केलेली नाहीस. वायरिंगही ठीक. खुर्च्यांच्या कातड्याचा भाव बघून मी हसले. बाई म्हणाली की तेवढ्यात दुभती गाय येते, वर वासरू. मग आली चौदावी ओळ. तुझ्याच शब्दांत लिहिते, कारण ती मला आता पाठ झालीय: 'पुढचं डावं मडगार्ड. उजव्यापेक्षा अकरा मिलिमीटर लांब. ठोके बारीक आणि अनियमित, हात अकुशल. दुरुस्ती सोळा हजार युरो, नवीन नऊ हजार. नवीन बसवावं. जुनं भंगार.' अकुशल! एर्मेस, माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की बाईने पाण्याचा ग्लास पुढे केला.

आधी त्या अकरा मिलिमीटरचं बोलू. ते लेझरचं मापयंत्र आणल्यापासून तुला डोळे आहेत हेच तू विसरलास. त्या काळात एक बाजू एक माणूस ठोकायचा, दुसरी दुसरा. उजवी बाजू बाबांच्या हाताखालच्या वायनेरने केली होती. तो बुटका, खोक्यावर उभा राहून ठोकायचा, त्याचा प्रत्येक पत्रा थोडा आखूडच यायचा. त्या काळच्या एकाही गाडीच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या आणि त्या रस्त्यावरून जाताना एकालाही कधी ते दिसलं नाही. हे तुला बाबांनी शिकवलंय. आता तू दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या करणार आणि त्याला म्हणणार, गाडी 'मूळ रूपात' आणली. नाचता येईना, अंगण वाकडं!

पण खरा संताप त्याचाही नाही. बाईने मला भाबडेपणाने विचारलं, "हेच ना ते मडगार्ड, तुमच्या वडिलांनी डाव्या हाताने ठोकलेलं?" म्हणजे ती गोष्ट तू तिलाही ऐकवलीस! मांतोव्यापासून टोकियोपर्यंत जो कोणी तुझ्या काचेच्या शोरूममध्ये येतो, त्याला आधी ती ऐकावी लागते. बर्फावरून सायकल घसरली, वडील अल्चिदेंचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, मोटारींच्या प्रदर्शनाला पाच आठवडे उरलेले, आणि त्या माणसाने डाव्या हाताने अख्खं मडगार्ड ठोकून काढलं. मग तू भिंतीवरच्या काचपेटीकडे बोट दाखवतोस. त्यात तो आखूड दांड्याचा छोटा हातोडा, खाली पितळी पाटी, 'अल्चिदेंचा डाव्या हाताचा हातोडा'. पाहुणे फोटो काढतात. आणि तेच मडगार्ड तू भंगारात काढतोस? बाईने हेच विचारल्यावर तू तिला म्हणालास म्हणे, "गोष्ट ती गोष्ट, पत्रा तो पत्रा." शाबास. बापाच्या नावावर गिऱ्हाईक गोळा करायचं आणि बापाचं काम कात्रीखाली घालायचं.

फक्त एवढंच, की ते बापाचं काम नाही.

तू तेव्हा उदिनेला लष्करी सेवेत होतास, दर पत्रात लोकरीचे मोजे मागायचास. घरी काय चाललं होतं ते तुला कसं कळणार! बाबांना डाव्या हाताने स्वतःच्या पँटची बटणंसुद्धा लावता येत नव्हती, एर्मेस. आई लावायची आणि ते तिच्यावरच खेकसायचे. असा माणूस अॅल्युमिनियम ठोकणार? वायनेर उजव्या बाजूत अडकलेला, मोटार कारखान्याचा माणूस एक दिवसाआड दारात. एका संध्याकाळी मी जमीन झाडत होते. बाबा खुर्चीतून म्हणाले, "इल्दे, झाडू ठेव. हातोडा घे." त्यांचा हातोडा मला जड जायचा, मनगट वळायचं. मग त्यांनी वायनेरकडून एका छोट्या हातोड्याचा दांडा कापून घेतला, माझ्या मुठीच्या मापाने. काचपेटीतला तो हाच. ठोके बारीक आहेत कारण हातोडा हलका होता. अनियमित म्हणतोस, त्यांतले पहिल्या आठवड्याचे असतीलही, कबूल.

पाच आठवडे. पत्रा ठोकायचा एल्मच्या लाकडाचा तो पोखरलेला ओंडका, वाळूची कातडी पिशवी, आणि खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारे बाबा. "अगं, पास्त्याची पोळी लाटतेयस का? पत्रा आहे तो!" मीही तेव्हा गप्प बसणारी नव्हते. म्हटलं, "पोळी फाटू न देता पातळ करता येते, म्हणूनच तर मला बसवलंत ना?" वायनेर इतका हसला की खोक्यावरून पडला. दिव्यामागची ती वळणाची जागा बघ. तिथे पत्रा दोनदा फाटला, मी दोनदा रडले आणि तिसऱ्यांदा जमला. त्या दिवशी बाबांनी चांगला हात वळणावरून फिरवला, डोळे मिटून, मागेपुढे. मग मला नाही, आईला म्हणाले, आज हिला आधी वाढ. तेवढं मला पुरलं होतं. बावीस वर्षांची होते, लगेच पुरायचं.

मग कारखान्याची माणसं गाडी न्यायला आली. चौघं, ओव्हरकोट घातलेले. मी आतून कॉफी घेऊन आले. त्यांतला एक मडगार्डवर हात फिरवत म्हणाला, "अल्चिदे, हे केलं कुणी? तुझा हात तर गळ्यात बांधलेला." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं, आणि डावा हात वर करून हलवला. "हा काय शोभेला आहे?" सगळे हसले. वायनेर जमिनीकडे बघत होता. मी ट्रे धरून उभी होते आणि एकाने साखर मागितली म्हणून साखर दिली. रात्री बाबा म्हणाले, "पोरीने ठोकलं म्हटलं तर ते गाडी परत पाठवतील, इल्दे. पुढच्या गाडीला सांगू." पुढच्या गाडीपर्यंत तू परत आलास, हातोडा तुला मिळाला, आणि मी कार्पीला विणकामाच्या कारखान्यात लागले. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे स्वेटर. आयत्या बिळावर नागोबा म्हणणार होते तुला, पण तूही राबलास, ते मी पाहिलंय. बेचाळीस वर्षं मूग गिळून बसले, तो माझा दोष. बाबा गेल्यावर बोलायला हवं होतं. पण त्यांच्या अंत्यसंस्काराला पाद्रीसुद्धा त्या डाव्या हाताबद्दल बोलला, आणि तू इतका रडत होतास की माझी जीभ रेटली नाही. बाबांवरही मी चिडलेय, अजून. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणोत.

पण 'अकुशल' मी गिळणार नाही. कुणाचाही हात असो, तू आधी हात लावून बघायचा होतास. डोळे मिटून, मागेपुढे, बाबांसारखा. यंत्राने सांगितलं आणि तू लिहून मोकळा झालास.

तर, बुधवारी मी बाईला सगळं सांगितलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही एका परक्या बाईला, मोज्यांवर बसलेल्या. मग माझंच पेन घेऊन तिने खुर्च्यांच्या कातड्याची ओळ खोडली, म्हणाली, फाटक्या खुर्चीवर बसेन, वडीलही बसायचेच. मडगार्डाला तेच सोळा हजार मंजूर केले, आणि खाली लिहून सही केली की ज्या हाताने ते बनवलं, त्याच हाताने दुरुस्त व्हावं. तो कागद घेऊन ती सोमवारी नऊ वाजता तुझ्याकडे येतेय. 'जमेल का तिला?' असं म्हणू नकोस. काचेचं शोरूम बांधताना तू बाबांचा ओंडका फेकून दिलास, तो मी उचलून आणला. दहा वर्षं झाली, माझ्या गॅरेजमधून ठोकाठोक ऐकून शेजारी विचारतात, इल्दे, काय चाललंय? तू एकदाही विचारलं नाहीस. सकाळी बोटं आखडतात, पण सातपर्यंत सुटतात. माझी मजुरी मी घेणार, पूर्ण. त्या पितळी पाटीचं काय करायचं ते तू ठरव. मला एवढंच ठाऊक आहे की मी ते सत्य गमावलं ते परक्या माणसांसमोर, सगळे हसत असताना, हातात ट्रे धरून. गिऱ्हाइकासमोर, कामगारांसमोर, ते तुझ्यावर तसंच येऊन आदळावं असं मला, इतकी चिडलेली असूनही, वाटेना. म्हणून हे पत्र. सोमवारी सातला येते, ती यायच्या दोन तास आधी. काचपेटी उघडून माझा हातोडा बाहेर काढून ठेव. आणि कॉफी तू कर.

तुझीच थोरली,
इल्दे